रिकामा कप

प्रेमलताबाईंच्या शेजारी बसून सिनेमा बघायचा म्हणजे कडक सासूच्या शेजारी बसून पोळ्या लाटायच्या. हात चालतो, पण जीव थाऱ्यावर नसतो.

पडद्यावर नायक घर सोडून निघालेला असतो. आई दाराला धरून रडते आहे, मागे सनई कळवळते आहे, खोलीतल्या सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले. आणि प्रेमलताबाई म्हणतात, "पेटी रिकामी आहे."

"काय?" गुरुदत्तराव डोळे पुसत विचारतात.

"अहो, पेटी बघा ना. घर सोडून चाललाय म्हणे. घर सोडणारा माणूस चार कपडे तरी घेईल की नाही? भरलेली पेटी उचलली की माणूस एका अंगाला कलतो. हा बघा, खांबासारखा ताठ चाललाय."

एवढं ऐकल्यावर तो नायक गेला काय नि राहिला काय, कोणालाच काही वाटायचं नाही.

चहाचं तर विचारूच नका. नटीने कप तोंडाला लावला की बाईंची मान आपोआप पुढे यायची. "कप रिकामा. भरलेला कप हातात घेऊन कोणी असे हातवारे करत बोलत नाही, साडीवर सांडेल. आणि घोट घेतला तर घसा हलायला नको?" पुस्तकांचीही तीच गत. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे वाचायच्या सावकाश, ओठ हलवत. पण म्हणूनच एक अक्षर सुटायचं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी त्यांनी अर्ध्यात परत केली. का, तर नायिका कणीक मळत होती, दारावर टकटक झाली, ती धावत गेली आणि नवऱ्याच्या गळ्यात पडली. "हात कधी धुतले?" प्रेमलताबाई मंडळाच्या चिटणिसालाच विचारत होत्या. "नवऱ्याच्या कोटाला कणीक लागली असणार. पुढे चार पानं वाचली, कोटाचं नावच नाही."

मात्र एकदा उलटंही झालं होतं. एका सिनेमात बाई भाकरी थापताना उठली, पदराला हात पुसून तिने दार उघडलं, आणि ती आत वळल्यावर दाराच्या कडीला लागलेलं पीठ दिसलं. कोणी त्याबद्दल बोललं नाही, नुसतं दिसलं. त्या कडीवरच्या पिठासाठी प्रेमलताबाईंनी पुढचा सगळा सिनेमा माफ केला, त्यातल्या पावसाची धार एकाच कोपऱ्यावर पडत होती तीसुद्धा. शेवटी रडल्या. घरी येऊन दुसऱ्या दिवशी आठवून परत रडल्या.

गुरुदत्तरावांना असलं काही लागत नसे. त्यांची उभी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये गेलेली. लोकांना वाटायचं, हा माणूस किती संशयी असेल. घरात मात्र संशयाचं खातं बाईंकडे होतं.

"आपण सिनेमा बघायला बसतो की झडती घ्यायला?" ते म्हणायचे.

"झडत्या तुम्ही घ्यायचात ना?"

"म्हणूनच. जन्मभर पेट्या उघडून बघितल्या. आता कोणी म्हणालं भरलेली आहे, तर मी म्हणतो भरलेली."

"भोळे आहात," बाई म्हणायच्या, आणि हे मात्र त्या अगदी मनापासून मानायच्या.

असं हे बालीगंजमधलं जोडपं. दोन मजली जुन्या घराचा वरचा मजला यांचा, खालचा घोषालबाबूंचा. घर गुरुदत्तरावांच्या वडिलांनी घेतलेलं. प्रेमलताबाई मिरजेहून लग्न होऊन आल्या त्या याच स्वयंपाकघरात, आणि ओट्यावरच्या खिडकीतून घोषालांचा कडुनिंब बघत त्यांचे केस पिकले.

मुलगा उदय विमानतळाजवळ डमडमला. त्याची मुलगी रुचा. ती जाहिराती काढणाऱ्या एका कंपनीत होती आणि तिचं मराठी म्हणजे बंगाली भातावर मराठी आमटी. एरवी सणावारी उगवणारी ही पोर यंदा थंडी सरल्यापासून दर रविवारी यायला लागली.

पहिल्या रविवारी बाईंना आनंद झाला. दुसऱ्या रविवारी जास्त झाला. तिसऱ्या रविवारी त्यांनी नात जिना उतरताना बघितली आणि आनंद जरा खुंटीला टांगून ठेवला.

आली तेव्हा खांद्यावरची झोळी फडफडत होती. जाताना झोळी तीच, पण रुचा डाव्या अंगाला कललेली.

"काय गं, जड आहे का?"

"छे आजी, रिकामीच आहे," असं म्हणून तिने झोळी झुलवून दाखवली. झोळी झुलली नाही.

आता बघा, सिनेमावाले रिकामी पेटी भरलेली म्हणून दाखवतात. इथे भरलेली रिकामी म्हणून चालली होती. आणि कोणापुढे, तर प्रेमलताबाईंपुढे.

त्यांनी शेफालीला हाक मारली. शेफाली त्यांच्याकडे इतकी वर्षं कामाला होती, की दोघींचे गुडघे बरोबरच दुखायला लागलेले. ती बंगाली बोलायची, बाईंना माशीमा नि रावांना मेशोमशाय म्हणायची, बाई मोडकं बंगाली नि धडधाकट मराठी बोलायच्या, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळायचं. स्टूल लावून शेफाली माळ्यावर चढली.

"माशीमा, वातीचा स्टोव्ह नाही."

"आणि?"

"ते पोळपाट, ज्याचा एक पाय नवा बसवला होता. ते नाही. पितळेचा डबाही नाही."

"नीट बघ."

"माशीमा, जे नाही ते किती नीट बघू?"

संशयाचं असं असतं, तो एकटा येत नाही. भावंडं घेऊन जेवायला येतो. पुढच्या रविवारी रुचाबरोबर अनीश नावाचा तिच्या ऑफिसातला मुलगा आला. बाई पूजेची फुलं घेऊन वर येतात तो काय, हा पोरगा स्वयंपाकघरात फीत लावून ओट्याची उंची मोजतो आहे, आणि गुरुदत्तराव फितीचं दुसरं टोक धरून उभे.

"काय मोजतोस रे?"

"काही नाही आजी, सहज."

सहज म्हणून कोणी फीत खिशात घालून हिंडत नाही.

गल्लीतली जुनी घरं एकेक करून पडत होती. कोलकात्यात बिल्डरला प्रमोटर म्हणतात. नाव वेगळं, हातोडा तोच. एक प्रमोटर मागच्या पूजेच्या सुमाराला घोषालबाबूंकडे चहा पिऊन गेला होता. इकडे उदयचं वर्षभर चाललेलं, "आई, आता जिने नकोत. डमडमला या, खालची खोली रिकामीच आहे." गुरुदत्तराव त्यावर हूं म्हणायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत, नुसतं हूं. त्या हूंचा अर्थ बाईंना आता लागला. घर विकायचं ठरलं होतं. बाईंनी आकांत करू नये म्हणून मांजर पिल्लं हलवतं तसं तिघं मिळून त्यांचा संसार एकेक भांड्याने डमडमला हलवत होते. भांडी झाली की एक दिवस म्हणतील, चल, आता तूच राहिलीस.

त्यांनी लगेच विचारलं नाही. आधी जेवायला वाढलं. वरणभात, वांग्याची भाजी, पानाच्या डाव्या हाताला मीठ.

"रुचा हल्ली फार येते," त्या म्हणाल्या.

"आजीची ओढ," गुरुदत्तराव म्हणाले.

"आणि फीत?"

"कसली फीत? जरा मीठ वाढ."

ताटात मीठ होतं. बाईंनी ते बघितलं, त्यांनी बाईंना बघताना बघितलं, आणि दोघंही पुढे जेवत राहिले. पाणी मुरत होतं. कुठे, एवढंच शोधायचं होतं.

गुरुवारी गुरुदत्तराव नेहमीपेक्षा लवकर तयार झाले. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," म्हणाले आणि गेले. त्यांचा चष्मा टेबलावर होता.

बाई त्या चष्म्याकडे बघत बसल्या होत्या, तेवढ्यात शेफाली आतून आली. "माशीमा, तुम्ही आंघोळीला होतात तेव्हा मेशोमशायनी कप नेला. हिरव्या काठाचा. रुमालात गुंडाळून खिशात घातला."

हिरव्या काठाचे कप त्यांच्या लग्नातले. बाकीचे फुटून दोनच उरले होते, आणि त्यातल्या एकात बाई रोजचा चहा घेत. माळ्यावरचं गेलं ते गेलं. हे रोजच्या हातातलं होतं.

"शेफाली, दार लावून घे. कोणी फीत घेऊन आलं तर उघडू नकोस. राष्ट्रपती आले तरी उघडू नकोस."

गरियाहाटहून ऑटो करून त्या कालीघाटला गेल्या आणि मेट्रोत बसल्या. एकट्याने एवढा प्रवास त्यांनी बऱ्याच वर्षांत केला नव्हता. वाटेत त्यांनी भांडण पाठ केलं. पहिलं वाक्य उदयला, दुसरं रुचाला, आणि नवऱ्यासाठी शेवटचं, सगळ्यात तिखट, राखून ठेवलेलं.

उदयच्या घराचं फाटक उघडं होतं. खालच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, आतून लख्ख उजेड. प्रेमलताबाईंनी दार ढकललं आणि पाठ केलेलं भांडण त्यांच्या तोंडातच राहिलं.

समोर त्यांचं स्वयंपाकघर होतं.

आजचं नाही, उदय शाळेत होता तेव्हाचं. तीच ओट्याची उंची. वातीचा स्टोव्ह, त्याच्यावरच्या भिंतीला तोच धुराचा पट्टा, तेल उडालेले डाग. फळीवर पितळेचा डबा, पोळपाटाचा नवा पाय भिंतीकडे वळवलेला, कारण तो दिसू नये म्हणून त्या तसाच ठेवायच्या. दिनदर्शिका खिळ्यावर जराशी वाकडी. खिडकीबाहेर मात्र कडुनिंब नव्हता. तिथे एक पांढरी चादर टांगली होती आणि तिच्यामागे मोठा दिवा.

खोलीतले सगळे कॅमेऱ्याकडे आणि ओट्याकडे बघत होते, दाराकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कॅमेऱ्यामागे अनीश, त्याच्या बाजूला रुचा. कोपऱ्यातल्या स्टुलावर गुरुदत्तराव, बिनचष्म्याचे. आणि ओट्याशी बाईंची जुनी निळी सुती साडी नेसून चैत्राली. ही मंडळातली मुलगी, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीवर पुण्याहून आलेली, गणपतीतल्या नाटकात काम करणारी. ती मंडळातल्याच एका गृहस्थाला नि एका शाळकरी पोराला भात वाढत होती.

खरं म्हणजे बाईंनी तिथेच ओरडायचं. पण त्या खोटं शोधायला लागल्या. जन्माची सवय. साडीचा पदर कमरेला बरोबर खोचलेला. भाताची मूद, वर वरण, पळी आधी डब्याला टेकवून मग उचललेली. चूक सापडेना, आणि सापडेना म्हटल्यावर त्यांचा संशय आणखीच वाढला. एवढं खरं कोणी उगाच करत नाही.

पोरगा काहीतरी गमतीचं बोलला. चैत्राली हसली, पाटावर बसली, हिरव्या काठाचा कप उचलून तिने तोंडाला लावला, दुसऱ्या हाताने बोलता बोलता तो जरासा हलवलाही.

"कप रिकामा आहे," प्रेमलताबाई म्हणाल्या. "सगळं बरोबर केलंत आणि इथे माती खाल्लीत."

सगळ्यांच्या माना वळल्या. रुचाने आजीकडे बघितलं, मग आजोबांकडे. चैत्रालीने कप हळूच खाली ठेवला.

गुरुदत्तराव स्टुलावरून उठले. "रिकामाच होता, प्रेमा," ते म्हणाले.

"कुठला?"

"हाच. उदयच्या बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी."

कोणीतरी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या.

त्या दिवशी सकाळी घोषालबाबूंच्या फोनवर मिरजेहून भावाचा फोन आला होता. आई गेली. बाई खाली जाऊन फोन घेऊन वर आल्या, तेव्हा भात उतरला होता, उदय परीक्षेचं पॅड बगलेत धरून पाटावर बसला होता. घरात अशी बातमी आली की कोणी घास घेत नाही, केलेलं अन्न तसंच राहतं. आणि पोराचा पहिला पेपर गणिताचा. म्हणून त्यांनी बातमी गिळली. "कोणाचा फोन?" तर "चुकीचा लागला होता." भात वाढला, उदय काहीतरी फाजील बोलला त्यावर हसल्या. आंघोळ होईपर्यंत त्यांना स्वतःला पाणीसुद्धा चालणार नव्हतं. पण नुसतं बसलं तर कोणी विचारेल, चहा का नाही घेत? म्हणून रिकामा कप घेऊन बसल्या. मुलगा परीक्षेला गेला, नवरा कामावर गेला, दाराची कडी लागली, मग डोक्यावरून पाणी घेतलं आणि मग रडल्या. संध्याकाळी सांगितलं, आत्ताच कळलं म्हणून.

आजवर त्या समजत होत्या की हे फक्त त्यांना ठाऊक आहे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू चहा बशीत ओतून पितेस," गुरुदत्तराव म्हणाले. "जन्मात कधी कपाने प्यायली नाहीस. त्या दिवशी कपाने प्यायलीस. बशी कोरडी होती."

बाईंच्या तोंडून निघालं ते भलतंच. "म्हणजे घर विकत नाही आहात?"

"कोण विकतंय घर?" रुचा घाबरून म्हणाली.

"फीत लावून मोजलंत ना. प्रमोटर येऊन गेला ना."

अनीशने फीत पाठीमागे लपवली, जशी काही आता लपवून उपयोग होता. गुरुदत्तराव हसले. "घर विकलं असतं तर तुझी भांडी परत कुठल्या माळ्यावर ठेवायची होती मला? हिच्या छोट्याशा सिनेमासाठी नेली. तुला विचारलं असतं तर तू दिली नसतीस."

"दिली असती."

"दिली असतीस, आणि बरोबर तूही आली असतीस. मग यांना चहा पिणं मुश्कील झालं असतं."

"आजी, तूच म्हणतेस ना," रुचाने तिच्या आमटीभाताच्या मराठीत सांगितलं, "सिनेमातली भांडी सगळी कालच दुकानातून आणलेली असतात. नव्या पातेल्यात कोणाचा संसार दिसत नाही. मी म्हटलं, मग खरंच आणायचं. आजोबांनी कपाची गोष्ट सांगितली ना, तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना." ती जवळ येऊन खाली बसली. "पण आता अडलंय. सगळे म्हणतात, कपात चहा घाल. बघणारे म्हणतील, यांची चूक झाली, कप रिकामा आहे. तू आत्ता म्हणालीस तसंच. तू म्हणशील तर घालते. तू म्हणशील तर हे सगळं काढूनच टाकते."

हे शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, आणि त्यात नाटक नव्हतं. बाईंना नाटक ओळखता येत होतं.

त्या उठल्या. चैत्रालीच्या पाटाजवळ जाऊन म्हणाल्या, "सरक जरा. चहा घालायचा नाही. पण कप असा वाऱ्यावर हलवायचाही नाही. अगं, जिला लपवायचंय ती जास्त जपून धरेल. भरल्या कपापेक्षा जास्त. असा. आणि पिण्याआधी..."

बाईंनी कप दोन्ही हातांत धरला, ओठांशी नेला आणि वर हलकेच फुंकर घातली.

कपात काही नव्हतं. अनीश नंतर उदयला शपथेवर सांगत होता की वाफ दिसली.

"आता कळलं?" बाईंनी विचारलं.

"कळलं, काकू," चैत्राली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि हेही बाईंनी नीट बघून घेतलं. खरे होते.

"मग कर. आणि रुचा, त्या पोळपाटाला डाग पडला तर तुझं काही खरं नाही. दिनदर्शिका आणखी जरा वाकडी हवी, उदय चेंडू मारायचा तिच्यावर."

संध्याकाळी दोघं मेट्रोने परत निघाले. गर्दी होती, पण एका मुलाने उठून जागा दिली आणि दुसरी आपोआप झाली. गुरुदत्तरावांचा चष्मा बाईंनीच आठवणीने पर्समध्ये घालून आणला होता. आता तो त्यांच्या नाकावर होता. नवऱ्यासाठी पाठ केलेलं ते तिखट वाक्य मात्र बाईंना आठवत नव्हतं.

"तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

"बोललो असतो तर पोरगं उपाशी गेलं असतं."

"आणि नंतर?"

"नंतर तू इतकं छान निभावलं होतंस, की ते मोडवेना."

जन्मभर ज्याला भोळा समजलं, तो शेजारी बसून चष्म्याच्या काचा पुसत होता. बाईंच्या मनात त्या दिवसाचं एकेक उलगडत गेलं. आंघोळ करून त्या रडत होत्या, आणि अजून डोळे पुसायचे होते तोवर दार वाजलं होतं. हे दुपारीच परत आले होते. म्हणाले, बोट आलीच नाही, काम नव्हतं. मग न सांगता त्यांनी स्वतःच चहा केला होता, दोघांचा.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी खिदिरपूरला बोट खरंच आली नव्हती?"

गुरुदत्तराव वळून खिडकीतून बाहेर बघायला लागले, अगदी मन लावून.

बाहेर बोगदा होता. बघण्यासारखं काहीच नव्हतं.